लक्ष्मीनारायणाचे दार आणि सेठ जमनालाल बजाज

वर्ध्यात राहणाऱ्या प्रत्येकाला बजाज चौक माहीत आहे. ज्यांच्या नावाने तो चौक ओळखला जातो ते जमनालाल बजाज कोण होते, हे मात्र आपल्या तरुणांना विचारले तर दोनच उत्तरे मिळतात. एक, गांधींचा सेठ. दुसरे, देशात पहिल्यांदा अस्पृश्यांसाठी मंदिर उघडणारा महात्मा. पहिल्या उत्तरात तुच्छता आहे आणि दुसऱ्यात आरती. अभ्यासवर्गात या दोन्ही उत्तरांवर काम भागत नाही, असा आम्हाला अनुभव आहे. ज्या जिल्ह्यात आपण चळवळ करतो त्या जिल्ह्याच्या राजकारणावर या माणसाची पंचवीस वर्षे छाप होती. त्याने काय केले, कशाची किंमत मोजली आणि नेमका कुठे थांबला, हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी तपासले पाहिजे.

जमनालाल यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1889 चा. गाव काशी का बास, राजस्थानातल्या सीकरजवळचे, तेव्हाच्या जयपूर संस्थानातले. वडील कनीराम, आई बिरदीबाई. घर गरीब. वर्ध्याचे श्रीमंत व्यापारी सेठ बच्छराज बजाज तिकडे गेले असता त्यांची नजर या मुलावर पडली. बच्छराज यांचा मुलगा वारला होता, वंशाला वारस हवा होता. त्यांनी पाच वर्षांच्या जमनालालला नातू म्हणून दत्तक घेतले आणि मोबदल्यात त्या कोरड्या गावाला विहीर बांधून दिली. एका पोराच्या बदल्यात गावाला पाणी! ज्या माणसाने पुढे अस्पृश्यांसाठी विहिरी खुल्या करण्याचे काम केले, त्याचे स्वतःचे आयुष्य एका विहिरीने वळले होते.

वर्ध्यात मुलगा वाढला तो कापसाच्या पैशात. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव हा सगळा कापसाचा पट्टा. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, दलाल, सावकार, मालगुजार. हिंगणघाट आणि पुलगावला कापड गिरण्या आल्या आणि आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांना गावकीच्या बलुत्याबाहेर रोख मजुरी पहिल्यांदा तिथेच मिळाली. विदर्भातील महार समाज जाडाभरडा कापड विणणारा होता, त्याला गिरणीचे काम परके नव्हते. म्हणजे एकाच कापसाने एका बाजूला सेठ घडवले आणि दुसऱ्या बाजूला आंबेडकरी चळवळीचा कामगार घडवला. ही गोष्ट जमनालालजींच्या चरित्रात सहसा येत नाही, म्हणून आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

सतराव्या-अठराव्या वर्षीची एक घटना या माणसाचा स्वभाव सांगते. एका लग्नाला जाताना दागिने घालावेत म्हणून आजोबांनी आग्रह धरला, नातवाने नकार दिला. बच्छराज संतापून पैशाचा उल्लेख करून बोलले. जमनालाल यांनी तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही असे लिहून दिले आणि घर सोडले. आजोबांनी माणसे पाठवून त्यांना परत आणले. पुढे बच्छराज यांच्या मृत्यूनंतर सारी मालमत्ता त्यांच्याकडे आली, पण आपण तिचे मालक नसून विश्वस्त आहोत ही भावना त्यांनी सोडली नाही. गांधींची विश्वस्त कल्पना त्यांच्या कानावर पडण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. विश्वस्त कल्पनेबद्दल आपले मतभेद आहेत आणि ते राहतीलच. पण हा सेठ ढोंगी नव्हता, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

इंग्रज सरकारने त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट केले, मग रायबहादूर केले. मध्य प्रांतातल्या व्यापाऱ्याला यापेक्षा मोठा मान नव्हता. असहकाराच्या चळवळीत 1921 मध्ये त्यांनी ही पदवी परत केली.

1920 हे साल आपण नीट लक्षात ठेवावे. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तरुण बाबासाहेब तिथे हजर होते. त्याच वर्षी, त्याच नागपुरात, डिसेंबरमध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि स्वागताध्यक्ष होते तीस-एकतीस वर्षांचे जमनालाल बजाज. त्या अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला आणि हिंदूंनी अस्पृश्यता सोडावी असे आवाहनही त्यात घातले गेले. एका परिषदेत बहिष्कृत माणूस स्वतः बोलत होता, दुसरीत त्याच्याबद्दल बोलले जात होते. पुढच्या अठरा-वीस वर्षांच्या राजकारणाची नाळ याच फरकात आहे. नागपूरच्याच अधिवेशनात जमनालाल यांनी गांधींना विनंती केली की मला तुमचा पाचवा मुलगा माना. तेव्हापासून ते काँग्रेसचे खजिनदार झाले आणि जवळजवळ अखेरपर्यंत तो कारभार त्यांच्याकडे राहिला.

त्यांच्याच पुढाकाराने 1921 च्या एप्रिलमध्ये विनोबा भावे वर्ध्यात आले आणि सत्याग्रह आश्रम सुरू झाला. 1923 मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व करताना जमनालाल तुरुंगात गेले. कापसाच्या पेढीचा धनी जेलचे कपडे घालतो, ही गोष्ट तेव्हाच्या व्यापारी समाजाला पचण्यासारखी नव्हती.

घरातही बदल सुरू होते. पत्नी जानकीदेवी नवव्या वर्षी लग्न होऊन या घरात आलेल्या. त्यांनी पडदा सोडला, अंगावरचे दागिने उतरवले, खादी घेतली. मारवाडी समाजात तेव्हा पडदा सोडणे म्हणजे घराण्याचे नाक कापणे समजले जाई. जमनालाल बालविवाहाच्या आणि हुंड्याच्या विरोधात बोलत, विधवाविवाहाला पाठिंबा देत. जातीतली सनातनी मंडळी त्यांच्यावर संतापलेली असत. जाती-पंचायतीचा राग काय असतो हे आजही आंतरजातीय लग्न केलेल्या तरुणांना विचारा. फरक एवढाच की जमनालालजींकडे पैसा होता, त्यामुळे पंचायत त्यांना उपाशी मारू शकत नव्हती. आमच्या मते त्यांच्या धैर्याचा हिशेब करताना हे कवच वजा करावे लागते. वजा करूनही बरेच शिल्लक राहते, हेही खरे.

आता त्या मंदिराकडे येऊ.

वर्धा शहरातले लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याचे, बच्छराज यांनी बांधलेले. जुलै 1928 मध्ये ते अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले करण्यात आले. मंदिर घराण्याचे असले तरी कारभार विश्वस्तांकडे होता. त्यांना पटवून, मंडळाचा ठराव करून मगच दार उघडले. रात्रीतून कुलूप तोडून आत जाण्यासारखा हा प्रकार नव्हता, चिकाटीने मते जुळवण्याचे हे काम होते. वर्ध्याचे नाव त्यामुळे देशभर झाले. पुढच्याच वर्षी काँग्रेसने अस्पृश्यता निवारणासाठी समिती नेमली, तेव्हा पंडित मालवीय अध्यक्ष आणि जमनालाल बजाज चिटणीस झाले. मग गावोगाव फिरून मंदिरे, विहिरी, शाळा खुल्या करा म्हणून ते सांगू लागले.

हे मंदिर आभाळातून उघडले नाही, हे मात्र आपण विसरता कामा नये. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये, वर्ध्याच्या शेजारच्याच अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद झाली, अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. पंजाबराव देशमुखांसारखा मराठा-कुणबी समाजातला पुढारी त्या चळवळीच्या बाजूने उभा राहिला. पंचांनी चर्चेचे गाजर दाखवले आणि सत्याग्रह पुढे ढकलला गेला. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जळाली. आणि त्यानंतर सात महिन्यांनी वर्ध्याचे दार उघडले. जमनालालजींच्या मनात अस्पृश्यतेविषयी चीड आधीपासून होती, यात शंका नाही. पण दाराच्या आतल्या माणसाने कडी काढली तेव्हा दाराबाहेर धडका बसत होत्या. आमच्या चरित्रकारांनी धडका लिहिल्या, त्यांच्या चरित्रकारांनी कडी लिहिली. दोन्ही एकत्र वाचले तर इतिहास कळतो.

आपले काही तरुण विचारतील की लक्ष्मीनारायण म्हणजे विष्णूच, आणि बावीस प्रतिज्ञांनी आपण विष्णूला केव्हाच निरोप दिला, मग त्या दाराचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण 2 मार्च 1930 ला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हाही बाबासाहेबांना रामाचे दर्शन नको होते. सार्वजनिक जागेत माणूस म्हणून पाऊल टाकण्याचा हक्क त्यांना वाजवून घ्यायचा होता. नाशिकमध्ये सनातन्यांनी दगड मारले, वर्षानुवर्षे दार बंद ठेवले. त्या तुलनेत दोन वर्षे आधी वर्ध्यात एक दार शांतपणे उघडले, ही गोष्ट लहान नाही. काळारामाच्या पंचांमध्ये एकही जमनालाल नव्हता.

तरीही बाबासाहेब मंदिर प्रवेशावर थांबले नाहीत. 1932 च्या पुणे करारानंतर गांधींनी हरिजन सेवक संघ काढला, देशभर मंदिर प्रवेशाचे वारे सुटले, केंद्रीय कायदेमंडळात विधेयके आली. 1933 मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट भूमिका घेतली की चातुर्वर्ण्य तसेच ठेवून नुसते देऊळ उघडण्यात आम्हाला रस नाही. शिक्षण, नोकरी, सत्तेतला वाटा हा आमचा रस्ता. त्याच 1933 च्या नोव्हेंबरमध्ये गांधींचा हरिजन दौरा वर्ध्यापासूनच सुरू झाला. यजमान अर्थातच जमनालालजी. हरिजन हा शब्द आपण मान्य करत नाही, तेव्हाही आपल्या लोकांनी मान्य केला नव्हता. इथे तो फक्त संस्थांच्या आणि दौऱ्याच्या नावापुरता आला आहे.

1934 मध्ये गांधी वर्ध्याला राहायला आले ते जमनालाल यांच्या आग्रहाने. त्यांनी आपली बाग दिली, तिथे मगनवाडी झाली, ग्रामोद्योग संघ झाला. शहराजवळच्या सेगावात बजाजांची मालगुजारी होती. 30 एप्रिल 1936 ला गांधी तिथे राहायला गेले, त्या गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. मालगुजारी म्हणजे काय हे आजच्या पिढीला सांगायला हवे. गावाचा सारा वसूल करणारा, गावठाण, चराई, झाडे, तलाव यांवर हुकूम चालवणारा माणूस म्हणजे मालगुजार. सेगावात अस्पृश्य वस्ती मोठी होती. देशातल्या अस्पृश्यतेविरुद्धच्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगाची जमीन एका मालगुजाराने दिली, आणि त्या प्रयोगात मालगुजारीला कोणी हात लावला नाही. ती गेली स्वातंत्र्यानंतर, 1951 मध्ये, कायद्याने.

गांधी सेगावला जाऊन एकच दिवस झाला होता. 1 मे 1936 ला बाबासाहेब तिथे त्यांना भेटायला आले, सोबत उद्योगपती वालचंद हिराचंद होते. येवल्याच्या घोषणेला साडेसहा महिने झाले होते. हिंदू म्हणून मरणार नाही असे बाबासाहेबांनी जाहीर केले होते आणि महिनाभराने मुंबईत महार परिषद भरणार होती. धनंजय कीर यांनी चरित्रात या प्रसंगी झालेला संवाद नोंदवला आहे. बाबासाहेबांनी गांधींच्या गोटात यावे, म्हणजे कामासाठी साधनांची वाण पडणार नाही, असे या दोन सेठांना मनापासून वाटत होते. बाबासाहेबांनी नकार दिला. मतभेद मूलभूत आहेत आणि सोयीसाठी आपली सदसद्विवेकबुद्धी आपण गहाण ठेवणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

हा प्रसंग आम्हाला जमनालालजींच्या आयुष्यातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. त्यांचा हेतू विकत घेण्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडे आहे ते द्यावे, एवढेच त्यांना समजत होते. त्यांनी आयुष्यभर दिले: पैसा, बाग, जमीन, घर, स्वतःचे वर्षानुवर्षांचे तुरुंगातले दिवस. पण समोरचा माणूस देणगी मागायला आलेला नाही, तो हिश्श्याचा दावा घेऊन आला आहे, हे त्यांच्या दानी मनाला उमगत नव्हते. ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या देणारा हात वर राहिला, त्याला हे उमगणे कठीणच.

दोन वर्षांनी याच वर्ध्यात याची परीक्षा झाली. 1937 च्या निवडणुकीनंतर मध्य प्रांत-वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. हिंदी भागातले मंत्री आणि मराठी भागातले खरे यांचे पटेना. जुलै 1938 मध्ये खरे यांनी राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनवले आणि त्यात रामेश्वर अग्निभोज या अस्पृश्य समाजातल्या आमदाराला मंत्री केले. काँग्रेस श्रेष्ठींना हे सगळे शिस्तभंगाचे वाटले. काही दिवसांतच खरे यांना पायउतार व्हावे लागले. काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यातच भरली, आणि जमनालाल बजाज त्या कार्यकारिणीचे सदस्य होते. रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ आले, त्यात अग्निभोज नव्हते. अस्पृश्याला मंत्री केले हे गांधींना रुचले नाही, असा आरोप खरे यांनी पुढे जाहीरपणे केला. काँग्रेसची बाजू अशी की प्रश्न फक्त शिस्तीचा होता. खरे हे काही आपल्या समाजाचे कैवारी नव्हते. ते पुढे हिंदू महासभेत गेले. अग्निभोजांना घेण्यात त्यांचा डाव असूही शकेल. पण डाव म्हणून का होईना एक खुर्ची मिळाली होती, ती काढून घेताना तिच्या जागी दुसरी देण्याचे कोणाला सुचले नाही. आपले कार्यकर्ते सेगावला जाऊन सत्याग्रहाला बसले. बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणारे पुस्तक 1945 मध्ये प्रसिद्ध केले, त्यात हे प्रकरण सविस्तर आहे. अभ्यासवर्गात ते प्रकरण जरूर घ्यावे.

दहा वर्षांपूर्वी विश्वस्तांची मने वळवून मंदिराचे दार उघडणारा माणूस, मंत्रिमंडळाच्या दाराशी गप्प राहिलेला दिसतो. कार्यकारिणीच्या निर्णयाला त्यांनी वेगळी वाट दाखवल्याचे आमच्या वाचनात नाही.

आणि गंमत बघा, त्याच सुमारास जमनालाल स्वतः हिश्श्याचीच लढाई लढत होते. जन्मभूमी जयपूर संस्थानात प्रजामंडळाचे अध्यक्ष म्हणून ते जबाबदार राज्यपद्धती मागत होते. दरबाराने त्यांना संस्थानात पाऊल ठेवायला बंदी केली. त्यांनी बंदी मोडली, फेब्रुवारी 1939 मध्ये अटक झाली, ऑगस्टमध्ये सुटका. राजा चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, प्रजेला सत्तेत वाटा हवा, ही त्यांची तिथली भूमिका. अगदी हाच युक्तिवाद विदर्भातला अस्पृश्य काँग्रेसपुढे करत होता.

जमनालालजींच्या वर्तुळातले आणखी एक काम आपल्या वाचकांना माहीत असावे. शहरालगत नालवाडीला चर्मालय सुरू झाले. गोपाळराव वाळुंजकर या ब्राह्मण कार्यकर्त्याने मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचे काम स्वतः शिकून तिथे चालवले. जातीच्या उतरंडीत हे धाडसच होते. पण त्याच काळात बाबासाहेबांच्या हाकेने आपले लोक गावोगाव मेलेली ढोरे ओढणे सोडत होते, मृत मांस सोडत होते आणि त्यापायी मार खात होते, गावातून हुसकले जात होते. नालवाडीतल्या ब्राह्मणाला ते काम प्रतिष्ठेचे करायचे होते, आपल्या लोकांना त्या कामातून सुटायचे होते. ज्याने ते कधी डोक्यावरून वाहिले नाही त्याला त्यात सेवा दिसली. ज्याच्या बापजाद्यांनी वाहिले त्याला त्यात गुलामी दिसली. आम्ही अर्थातच दुसऱ्या बाजूचे आहोत.

1940-41 च्या वैयक्तिक सत्याग्रहात जमनालाल पुन्हा तुरुंगात गेले. तब्येत ढासळल्याने सुटले. मग गांधींच्या सल्ल्याने त्यांनी गोसेवेचे काम पत्करले, वर्ध्याजवळ गोपुरीला झोपडी बांधून राहू लागले. मोठा बंगला सोडून झोपडीत गेलेला हा करोडपती 11 फेब्रुवारी 1942 रोजी वर्ध्यातच मेंदूतील रक्तस्रावाने अचानक वारला. वय अवघे बावन्न. छोडो भारत आंदोलन सहा महिन्यांवर आले होते, स्वातंत्र्य, संविधान काहीच त्यांनी पाहिले नाही. जानकीदेवी पुढे भूदानात फिरल्या, 1956 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाला. मुलगा कमलनयन 1957 पासून तीन वेळा वर्ध्यातून लोकसभेवर निवडून आला.

त्याच 1956 च्या 14 ऑक्टोबरला वर्धा जिल्ह्यातून माणसे मिळेल त्या वाटेने नागपूरला पोचली, कोणी रेल्वेने, कोणी बैलगाडीने, कोणी पायी, पोराबाळांना कडेवर घेऊन. परत आली तेव्हा देवघरातले देव नदी-विहिरीत गेले होते. लक्ष्मीनारायणाच्या दारातून आत जाण्याचे कारण उरले नाही.

पुढच्या अभ्यास सहलीत आम्ही तरुणांना आधी शहरातल्या त्या मंदिरापाशी नेणार आहोत, मग सेवाग्रामला, 1 मे 1936 ची भेट जिथे झाली त्या जागेपाशी, आणि शेवटी गोपुरीला. जिथे जमनालालजींची अखेरची झोपडी होती त्या गोपुरीत आज जपानी भिक्खूंनी उभारलेला विश्वशांती स्तूप आहे. ज्या फुजी गुरुजींच्या संघाने तो बांधला, ते 1933 मध्ये गांधींना भेटायला वर्ध्यात आले होते. येणाऱ्यांनी खरे मंत्रिमंडळाचे प्रकरण वाचून यावे, चर्चा तिथेच स्तूपाच्या पायऱ्यांवर बसून होईल.